बिनपॅकिंगच्या दुकानातलं एक वर्ष

बरेच दिवस लिहायचं राहत होतं. आमच्या गावात (जर्मनीत, श्टुटगार्टहून एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, अर्धा तास) एक उनफरपाक्ट-लाडेन आहे, म्हणजे पॅकिंगशिवाय सुटा माल मिळतो ते दुकान, तिथून मी वर्षभर किराणा आणतीये. नाव लिहीत नाही कारण दोन तक्रारी आहेत आणि काउंटरवरच्या बाईंचा मुलगा माझ्या लेकीच्या वर्गात आहे, रोज गेटवर तोंड दाखवायचंय.

कसं चालतं ते आधी. घरून डबे-बरण्या न्यायच्या, रिकाम्याचं वजन करून ते डब्यावर लिहायचं, मग भिंतीवरच्या काचेच्या उभ्या नळ्यांखाली डबा धरून दांडी ओढायची, धाडधाड माल खाली येतो, काउंटरवर रिकाम्या डब्याचं वजन वजा करून उरलेल्याचे पैसे. दुकानात हा माल २५ किलोच्या मोठ्या कागदी पोत्यांतून येतो, म्हणजे पॅकिंग अगदीच नाही असं नाही पण आपल्या घरी येत नाही. जर्मनीत ही दुकानं २०१४ला कील आणि बर्लिनमध्ये सुरू झाली, मग सगळीकडे पेव फुटलं आणि करोना नि महागाईत बरीच बंदही पडली. आमचं टिकलंय कसंबसं.

आम्ही जायला लागलो ते लेकीमुळे. दुसरीत आहे, शाळेत कचऱ्याचं वर्गीकरण शिकवलं आणि आमच्या घरात इन्स्पेक्टर जन्माला आला, दह्याच्या कपाचं झाकण पूर्ण सोलून वेगळं टाकलंय का हे डब्यात डोकं घालून बघणार. पॅकिंगचा पिवळा डबा न्यायला दोन आठवड्यांनी येतात आणि आमचा पाचव्या दिवशी ओसंडून वाहणार. नवरा म्हणाला अगं वेगळं टाकतोय ना आपण, झालं की. तर ही म्हणते, "बाबा, पण आणायचंच कशाला?" आता यावर काय बोलणार.

चांगलं काय ते सांगते. ओट्स, पास्ता, बदाम, मनुका, सूर्यफुलाच्या बिया, माल एकदम ताजा. कपड्यांचा आणि भांड्यांचा लिक्विड सोप तर बेस्टच, वर्षभर त्याच दोन बाटल्या भरून आणतीये. दही काचेच्या बरणीत, बरणीवर १५ सेंट फांड, म्हणजे अनामत, बरणी परत केली की पैसे परत. (साध्या दुकानातल्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट असतो, आणि भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्या आठवड्यात ती बाटली चुरगाळून कचऱ्यात टाकतोच, मी आता डब्यातून काढायला शिकलेय.) टूथपेस्टच्या गोळ्या मात्र घेऊ नका, खडू चावल्यासारखं वाटतं, इन्स्पेक्टरबाईंनीसुद्धा दुसऱ्या दिवशी सपशेल माघार घेतली.

भाव जास्त आहेत. ओट्स डिस्काउंटरमधल्या (स्वस्त सुपरमार्केट) बायो, म्हणजे सेंद्रिय, ओट्सच्या जवळजवळ दुप्पट. महिन्याला किलोभर लागतात म्हणून चालतं, पण डाळ-तांदूळ? तिथे हे दुकान आपल्यासाठी नाहीच. तूरडाळ नाही, मूग आहेत ते मोड आणून सॅलडवर टाकायला, बासमतीचा भाव १०० ग्रॅमवर लिहिलेला आणि हळद तर अशा भावाने की मी सांगलीची, मला ती पाटी वाचूनच घाम फुटला. तांदळाची १० किलोची गोणी तुर्की दुकानातूनच आणते, प्लास्टिकची असली तरी. एक गोणी अडीच महिने जाते आणि नंतर बाल्कनीत कुंड्यांची माती ठेवायला होते, मला त्याचं वाईट वाटत नाही.

मग सासूबाई आल्या, व्हिसाचे ९० दिवस. मी मोठ्या कौतुकाने दुकान दाखवायला नेलं. आमचा वाणी असंच द्यायचा हे त्या म्हणणार हे माहीतच होतं, म्हणाल्या, पण लगेच पुढे, "फक्त तो उधारी ठेवायचा गं." वाळलेल्या घोसाळ्याची जाळी अंग घासायला म्हणून साडेपाच युरोला लावलेली बघून त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उगाच पास्त्याकडे वळले. तेवढ्यात त्यांनी काळ्या मसुराची दांडी ओढली आणि ती अडकली! डबा भरला, मसूर जमिनीवर, आम्ही दोघी खाली बसून वेचतोय. इथे तक्रार नंबर एक: डब्यात एकदा पडलेला माल स्वच्छतेच्या नियमामुळे परत घेत नाहीत, ते समजू शकते, पण दांडी अडकते हे त्यांना माहीत होतं, मग चिठ्ठी तरी लावा ना. पावणेदोन किलो मसूर विकत घेतला. दोन महिने उसळ.

तक्रार दोन, गव्हाच्या पिठात जाळी निघाली, आठवड्याभरात कपाटात बारीक पाखरं. मी सगळं बायोच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या, डब्यात ओतायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला, पीठ दोनदा चाळलं, कढईत कोरडंच भाजलं आणि लाडू केले. मी खाल्ले नाहीत. बाकी सगळ्यांनी खाल्ले, लेकीने शाळेतसुद्धा नेले. दुकानात सांगितल्यावर त्या बाईंनी सॉरी म्हणून पैसे दिले आणि नळी त्याच दिवशी रिकामी केली, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मुंबई-फ्रँकफर्ट विमानाने एका बाजूचंच साडेसहा हजार किलोमीटरच्या वर भरतं, आणि आम्ही वर्षाआड जातो, शिवाय कुणी ना कुणी येतं. मी आयुष्यभर ओट्सच्या पिशव्या वाचवल्या तरी त्यातल्या एका तिकिटाचं प्रदूषण फिटणार नाही. इन्स्पेक्टरबाईंना हे अजून कळलेलं नाही, कळेल तेव्हा काय सांगायचं ते आम्ही दोघांनी ठरवलेलं नाहीये. आजी येणार नाही असं तर म्हणणार नाही.

असो, पाचपैकी साडेतीन स्टार. जायचं तर मंगळवारी-बुधवारी सकाळी जा, शनिवारी काट्यापाशी रांग असते. नरसाळं घरून न्या, त्यांची दोनच आहेत आणि सारखी गायब असतात. पीठ घेऊ नका, साबण नक्की घ्या.

आणि दह्याच्या बरण्या वेळच्या वेळी परत करा. मी सिंकखाली १२ साठवल्या होत्या, सासूबाई गेल्यावर बघते तर एकही नाही. फोन केला तर म्हणाल्या, अगं मेतकूट आणि चटण्या भरायला किती छान आहेत, २३ किलोत बसल्या बरोबर, साड्यांत गुंडाळून आणल्या. एक युरो ऐंशी सेंट फांड सध्या सांगलीत आहे.