गिरणीतला बोलका बॉक्स: पावणेदोन वर्षं वापरून सांगते

कऱ्हाडात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी 1984 साली टाकली, आता मी चालवते. पैसे आले की मोठ्यानं सांगणारा तो स्पीकर, ज्याला आमच्या पेठेत सगळे नुसतं ‘बॉक्स’ म्हणतात, तो मी 2024 च्या संक्रांतीच्या आठवड्यात बसवला. घ्यावा का, भाडं परवडतं का, असं शेजारचे दुकानदार सारखं विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. कंपनीचं नाव सांगत नाही.

त्याआधी तीन-चार वर्षं भिंतीला नुसता क्यूआर कोड चिकटवलेला होता. गिऱ्हाईक स्कॅन करायचं, मोबाईल माझ्यापुढं धरायचं आणि म्हणायचं, ‘झालं बघा वहिनी.’ माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. माझा फोन वर फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला, कारण चार्जिंगच्या भोकात पीठ जाऊन एक फोन आधीच गेला होता. मग काय, समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण बघायची आणि मान हलवायची.

2023 च्या दिवाळीआधी चकलीच्या भाजणीची गर्दी होती. एक पोरगा दोन मोठे डबे घेऊन आला, 320 रुपयांची हिरवी खूण दाखवली आणि गेला. रात्री हिशेबाला बसले तर त्या वेळेला तेवढी रक्कम आलेलीच नाही. पैसे दिल्यासारखी खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप असतात, हे मला त्या रात्री समजलं. 320 रुपये गेल्याचं दुःख आठवड्यात विसरले असते. पण त्यानंतर मी प्रत्येकाचा फोन निरखून बघायला लागले. पंधरा वर्षं आमच्याकडं दळण आणणारे एक गुरुजी आहेत. त्यांचा फोन मी दोनदा बघितला, तारीख बघितली, वेळ बघितली. गुरुजी काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी नोटा आणल्या. मला ते फार लागलं. बॉक्स घेतला तो खरा यामुळं.

आता डबा उचलता उचलता आवाज येतो, ‘अठ्ठेचाळीस रुपये प्राप्त झाले,’ आणि मला कुणाच्या हातातल्या फोनकडं बघावंच लागत नाही. बॉक्समध्ये त्याचं स्वतःचं सिमकार्ड असतं. गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पैसे खरोखर जमा झाल्याचा निरोप कंपनीकडून येतो तेव्हाच तो बोलतो. माझा फोन बंद असला तरी चालतं. गुरुजी पुन्हा स्कॅन करायला लागलेत. माझ्यासाठी या वस्तूची किंमत तिथंच वसूल झाली.

आता अडचणी. पहिली म्हणजे आवाज. किराणा दुकानात हा बॉक्स कानठळ्या बसवतो, पण साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आणि दगड चालू असताना त्याचं बोलणं मला ऐकूच येईना. दाराजवळ खिळ्याला टांगला, तर उडणारं पीठ स्पीकरच्या जाळीत जाऊन बसलं. त्याला जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा बांधला, तर आवाज आणखी दबला. सहा महिन्यांनी कंपनीच्या माणसानं सांगितलं की रकमेचा आकडा दाखवणाऱ्या छोट्या पडद्याचा बॉक्सही मिळतो. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आता लाल अक्षरात 48 दिसतं आणि मी लांबूनच मान हलवते. गिरणी, वेल्डिंग, उसाचा रस, असा कुठलाही आवाजाचा धंदा असेल तर पडद्याचाच मागा. पीठ काढायला रंगाचा कोरडा ब्रश ठेवा. ओलं फडकं लावू नका, जाळीत कणीक तयार होते.

भाडं महिन्याला 100 रुपये, जीएसटी धरून 118. माझ्याकडं गव्हाचं दळण किलोला 8 रुपये. म्हणजे दर महिन्याला साधारण पंधरा किलो दळण मी बॉक्सच्या नावानं दळते. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून जानेवारी 2020 पासून शुल्क घेत नाहीत, ही आमच्यासारख्यांच्या फार फायद्याची गोष्ट आहे. 24 रुपयांच्या दळणातून कुणी टक्का कापला असता तर मी क्यूआर लावलाच नसता. पण मग कंपनीला या भाड्यातूनच कमवायचं असतं आणि कर्ज विकून. ‘मॅडम, तुमचं कलेक्शन चांगलं आहे, पन्नास हजार लगेच मिळतील,’ असे फोन महिन्यातून दोनदा येतात. रोजच्या गल्ल्यातून हप्ता कापून घेतात. मी घेतलं नाही. तुम्हाला गरज असेल तर घ्या, पण एकूण किती परत करायचं ते कागदावर लिहून मागा.

माझी खरी तक्रार पावसाळ्यातली आहे. गेल्या वर्षी बॉक्स 19 दिवस मुका होता. रोज फोन केला की ‘उद्या मुलगा येईल.’ तो विसाव्या दिवशी आला आणि नवीन बॉक्स देऊन गेला. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं कापलं गेलं होतं. ते परत मिळवायला मी चार वेळा फोन केले, अजून मिळालेलं नाही. 118 रुपयांसाठी कोण भांडणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मी यावर पाचपैकी दोन तारे कापते. तीन देते.

आणखी एक लक्षात ठेवा. बॉक्स बोलला म्हणजे पैसे हातात आले असं नाही. माझे दिवसभराचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी एकरकमी खात्यात पडतात. दगडाला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीनं तो पुन्हा खरबरीत करणारा, कारागीर संध्याकाळी रोख मागतो, तेव्हा गल्ल्यात पुरेसं असावं लागतं.

माझी मुलगी सेमी इंग्रजीला चौथीत आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तिचा कायम गोंधळ व्हायचा. शाळेतून आली की ती गिरणीत अभ्यासाला बसते. बॉक्सच्या पडद्यावरचा आकडा बघायचा आणि आवाज यायच्या आत ओरडायचं, हा तिचा खेळ. आता ती चुकत नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर दिवसाला नव्वद-शंभर दळणं येतात, त्यातली सत्तर तरी फोनवर. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरात यूपीआयचे 2,000 कोटींवर व्यवहार झाले असं वाचलं. त्यातले अठराशेच्या आसपास माझ्या गिरणीतले असतील. 16 रुपयेसुद्धा स्कॅन करून देतात. समोरच्या काकूंच्या पासबुकात अशा बारीकसारीक नोंदींनी पानंच्या पानं भरायची. त्यांच्या मुलानं यूपीआय लाइट, म्हणजे थोडी रक्कम आधीच वेगळी भरून ठेवायची सोय, चालू करून दिली. आता त्या पिन न टाकता पैसे देतात आणि पासबुकात पहिल्यांदा भरलेली रक्कम तेवढी दिसते.

पण याचा एक परिणाम मला आधी सुचला नव्हता. गल्ल्यात सुटे पैसे उरले नाहीत. मामा, म्हणजे माझे सासरे, रोज रात्री पाचाची, दोनाची, रुपयाची नाणी वेगळी लावून डब्यात भरायचे. किराणावाले येऊन चिल्लर मागून न्यायचे. आता तो डबा महिनाभर भरत नाही. मग वाडीवरची म्हातारी शंभराची नोट घेऊन 24 रुपयांचं दळण न्यायला आली की तिलाच दुकानं हिंडावी लागतात. फोन नसलेल्या माणसाला असं हेलपाटायला लावायचं, हे मला बरोबर वाटत नाही. 12 एप्रिल 2025 ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर यूपीआय अडखळलं. तेव्हा दारातली सगळी फोनवाली माणसं अडकली आणि या म्हाताऱ्यांची दळणं आधी गेली. त्या दिवसापासून मी रोज सकाळी 300 रुपयांची चिल्लर मोजून गल्ल्यात ठेवतेच.

त्या चिल्लरचा दुसराही उपयोग आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. दळण आणणाऱ्या बऱ्याच बायकांचं बँक खातं फोनला जोडलेलं नाही. त्या माझ्या दारातून नवऱ्याला फोन लावतात, ‘अहो, गिरणीत चाळीस पाठवा.’ तो कामावरून पाठवतो, बॉक्स बोलतो, डबा उचलून ती जाते. पूर्वी ती पन्नासाची नोट आणायची. उरलेले दहा रुपये घरी डाळीच्या डब्यात जायचे आणि त्यातूनच भिशी, पोरीची वही, माहेरची एसटी निघायची. ते दहा रुपये आता तिच्या हातात पडतच नाहीत. घरातल्या दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यातून खर्च करू द्यायची यूपीआय सर्कल नावाची सोय 2024 मध्ये आली. पण त्यातही तिनं काय घेतलं ते नवऱ्याला दिसतंच.

आमच्या मागच्या आळीतली एक जण मे महिन्यात बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘वहिनी, त्यांना शंभर पाठवायला सांगू का? दळण चौसष्टचं आहे.’ मी हो म्हटलं. बॉक्स बोलला, ‘शंभर रुपये प्राप्त झाले.’ मी हात पुसले, गल्ला उघडला आणि तीन दहाच्या नोटा, एक पाचाचं नाणं, एक रुपया तिच्या हातावर ठेवला. तिनं मूठ मिटली, डबा कमरेवर घेतला. आता आठवड्याला अशा सात-आठ जणी येतात.