डबा सिंथेटिकचा, आत काय?

"अहो, नव्वद नंबर गिअर ऑइल आता कोण टाकतं? सिंथेटिक टाका, लाखभर किलोमीटर बघायला नको." हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याचं हे बोलणं मला क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या, नव्या जोडीएवढं महागात पडलं.

मी नारायणगावहून वाशीच्या मार्केटला टोमॅटो नेतो, माळशेजमार्गे. पिकअपच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरसंचाचं, ऑइल बदलायला झालं होतं. गाडीच्या पुस्तकात 80 डब्ल्यू 90 (ही ऑइलची जाडी), जीएल-5 (हा त्याचा दर्जा) लिहिलंय. घाटात भरल्या गाडीचं हाऊसिंग, म्हणजे या गिअरांवरचं कवच, तापतं, तिथे सिंथेटिक जास्त टिकतं, हे मीही ऐकून होतो. त्यात खोटं काही नाही. लबाडी होती ती डब्यात.

गॅरेजमधल्या पोराने आतून दोन डबे आणले, वर 75 डब्ल्यू 90 छापलेलं. झाकणाखालची कडी आधीच तुटलेली. "वाटेत सुटते कधीकधी," पोरगा म्हणाला. डिसेंबरातली सकाळ होती. ऑइल काकवीसारखं तार धरत उतरत होतं. 75 डब्ल्यू म्हणजे थंडीतही चटकन वाहणारं, हे तर जाडं 140 नंबर वाटावं असं. आणि वासच नाही! जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसवाली द्रव्यं असतात. झाकण काढताच नाक मुरडावं असा तो दर्प. मी हे सगळं उभा राहून बघितलं आणि वर गॅरेजवाल्याचाच चहा प्यायलो. रोख पैसे दिले, डबे तिथेच टाकले. बिलावर नुसतं 'गिअर ऑइल 2 नग'.

महिनाभरात पन्नास-साठच्या वेगाला मागून घुंऽऽ असा आवाज. गॅरेजवाला म्हणाला, "जुनी गाडी, आवाज येणारच."

गावातल्या मिस्त्रीने ड्रेन प्लग काढला. त्याच्या चुंबकाला चिकटलेला बारीक चुरा नेहमीचाच, पण यावेळी त्यात सुईच्या टोकाएवढे कपचे होते. आपल्या मागच्या अ‍ॅक्सलला पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर घासत सरकतात. दाबाखाली ऑइलचा थर तुटला की तीच गंधक-फॉस्फरसवाली द्रव्यं दात वाचवतात. ती नसली तर सिंथेटिक काय नि बिनसिंथेटिक काय! मी दुकानात 'सिंथेटिक' एवढंच विचारत बसलो, जीएल किती ते विचारलंच नाही. (गिअरबॉक्सला मात्र पुस्तकात जीएल-4 असेल तर तेच, जीएल-5 मुळे गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.)

नवी जोडी बसल्यावर मिस्त्रीने दोन सीलबंद डबे माझ्याच हातात दिले. कड्या मी तोडल्या. दर्प असा की धाकट्याने नाक दाबलं. फिलरच्या भोकातून ऑइल परत ओघळायला लागल्यावर प्लग लावला. मग दोन्ही रिकाम्या डब्यांना मी स्क्रूड्रायव्हरने आरपार भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कुणी भरायला नको.

"अहो, रोपं लावायला तरी ठेवायचे होते," मिस्त्री म्हणाला.