आयरिसच्या बियांचं पाकीट: फोटो निळा, फुलं केशरी

ऑनलाइन मागवलेल्या 'आयरिस मिक्स'च्या पाकिटाला मी पाचपैकी तीन स्टार देतेय. कापलेले दोन्ही स्टार फोटोपायी. २० बिया, १८० रुपये, आणि पाकिटावर खालच्या पाकळीवर दाढी, म्हणजे केसाळ पट्टा असलेलं जांभळं-निळं फूल.

पाकीट फोडलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. दाढीवाल्या आयरिसचं बी तपकिरी, सुरकुतलेलं असतं. बहिणीनं एकदा शिमल्याहून बोंड आणलं होतं, ते मी हातात घेऊन पाहिलंय. हे तर मिऱ्यासारखं काळं, गोल नि चकचकीत. ही केशरी फुलांची ब्लॅकबेरी लिली! तीही आयरिसच म्हणायची, २००५मध्ये शास्त्रज्ञांनी तिला त्याच प्रजातीत घेतलं. म्हणजे नाव खोटं नाही. पण निळ्या फुलाच्या आशेनं पैसे भरणाऱ्यानं काय करायचं? विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं, "मॅडम, मिक्समध्ये रंग वेगळे येतात." अहो, रंगाचं सोडा, झाडच वेगळं आहे.

आता हेही सांगते, आपल्या इंदूरला हीच जात मानवते. दाढीवालीला कडक हिवाळा लागतो आणि इथल्या पावसात तिचा गड्डा कुजतो. ही ऊन-पाऊस दोन्ही सोसते. फक्त नुसत्या काळ्या मातीत लावू नका, पाणी धरून बसते ती. मी निम्मी वाळू आणि थोडं शेणखत घातलं.

पाकिटामागे 'सात दिवसांत उगवते' असं छापलंय, त्यावर मुळीच जाऊ नका. आयरिसच्या बीमध्ये उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. म्हणून मी सगळ्या बिया आठवडाभर पाण्यात ठेवल्या, पाणी रोज बदललं. मग १० थेट कुंडीत पेरल्या आणि १० बियांना थंडी मिळावी म्हणून त्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून, डबीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवल्या. सून विचारायची, "आई, ही डबी अजून किती दिवस?" थेट पेरलेल्यांतल्या ४ उगवल्या, फ्रिजमधल्या ८. कोंब दिसायला महिना गेला. पण २० पैकी १२ रोपं म्हणजे बी ताजं होतं, त्याचं श्रेय विक्रेत्याला द्यायलाच हवं.

दुसऱ्या वर्षी जुलैत पहिलं फूल आलं. केशरी, सहा पाकळ्या, वर लाल ठिपके. एका दिवसाचंच फूल, संध्याकाळी मिटताना पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखं गोल वळतं. मी गच्चीवर खुर्ची टाकून ते वळणं पाहत बसले होते, खाली कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

लोकमान्य नगरातल्या वहिनींकडे हिचाच पिवळा प्रकार आहे. दोन्हींचा संकर करून पाहावा म्हणून त्यांच्या फुलाचे पराग डबीतून आणले. माझी कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिचे तिन्ही पुंकेसर काढले, फूल उमलल्यावर पराग मधल्या दांडीच्या टोकाला लावले आणि खूण म्हणून देठाला लाल लोकर बांधली. पाच फुलांपैकी दोन बोंडं धरली. सुकून उलगडली तेव्हा आत काळ्या बियांचा घोस, अगदी ब्लॅकबेरीसारखा. १७ बिया मिळाल्या, त्या आता फ्रिजमध्ये आहेत.

विक्रेत्यानं पाकिटावर केशरी फुलाचा फोटो छापावा. कापलेले दोन्ही स्टार त्याच दिवशी परत देईन, आणि वहिनींसाठीही एक पाकीट मागवीन.