कॅसेटवरून सीडी: घरी करायची की दुकानात द्यायची?

सांगली-मिरजेकडच्या माळ्यांवर जुन्या कॅसेटचा एखादा खोका हमखास निघतो. निम्म्या कॅसेट बाजारातल्या, बाकीच्या घरच्या: आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गणपतीत बसवलेलं नाटक, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला टेप मांडीवर घेऊन भरलेलं गाणं. निवड इथूनच सुरू करा. बाजारातल्या कॅसेटमागे वेळ घालवू नका, तेच गाणं बहुधा दुसरीकडे जास्त स्वच्छ मिळेल. घरच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत मात्र कुठेच नसते.

घरी केलं तर पैसे वाचतात, वेळ जातो. साठची कॅसेट म्हणजे तासभर, नव्वदची म्हणजे दीड तास, त्यात सवलत नाही. आवाज संगणकात भरून घ्यायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. खरी मेख कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात असते. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्याच वेगाने सरकते, त्यामुळे मोटर जराशी अडखळली तरी ऐकू येतं. यूएसबीची वायर लागलेले स्वस्त वॉकमनसारखे प्लेअर इथेच मार खातात. तानपुऱ्याचा षड्ज डुलायला लागला की समजायचं. त्यापेक्षा शेजाऱ्यांकडे धूळ खात पडलेला जुना कॅसेट डेक मागून आणा, बेल्ट बदलून घ्या आणि हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. बोळा तपकिरी निघतो, तो निघायचा थांबेपर्यंत पुसत राहा.

तरीही आवाज दबका आला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू ऐकत ऐकत किंचित फिरवायचा. टाळाचा ‘किण्ण’ मोकळा झाला की थांबायचं. दुकानवाला हे प्रत्येक कॅसेटला करेलच असं नाही, आणि घरी करण्यातला सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. डेकची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मात्र खुपसू नका. आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा दोन्ही चॅनेल एक होतात. लाइन-इन, म्हणजे डेकची वायर लावायची खास जागा, असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या. आणि हो, कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिच्या वरच्या कडेच्या दोन चिमुकल्या खिट्ट्या मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आजीच्या ओव्या पुसल्या जाणार नाहीत.

दुकानात दिलं की कटकट संपते, पण हातात काय पडेल ते सांगता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एकांना खरखर अगदी काढून टाकलेली सीडी मिळाली. खरखरीबरोबर जात्याची घरघरही गेली होती आणि ओव्या डब्यात बसून म्हटल्यासारख्या वाटत होत्या. मात्र २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागात, हरभट रोडला ज्यांच्या कॅसेट भिजल्या, त्यांनी घरी प्रयोग करू नयेत. गाळ लागलेली टेप डेकमध्ये घातली की टेपही गेली आणि हेडही. ती उघडून, धुऊन, सावलीत वाळवून नव्या कवचात भरावी लागते. पाच स्क्रूंची कॅसेट सहज उघडते, बिनस्क्रूची चिकटवलेली फोडावी लागते. हे काम सवयीच्या हातांचं आहे.

आता सीडी की पेनड्राइव्ह? ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, म्हणजे नव्वदच्या कॅसेटला दोन सीड्या. घरी राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमधल्या माळ्याबद्दल काय सांगायचं! नव्या लॅपटॉपला, गाडीला सीडीची खाच उरलेली नाही. पण घरी सीडी प्लेअर असलेल्या आजोबांना पेनड्राइव्ह देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी सीडीच करा, फक्त एमपीथ्रीची न करता ऑडिओ सीडी करा, जुन्या प्लेअरला तीच कळते.

जपून ठेवायची प्रत वेगळी. ती आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये हवी, तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. एक हार्डडिस्कवर, दुसरी पुण्या-मुंबईच्या भावाकडे, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी एक प्रत कोरडी राहील. दुकानात देणार असाल तर काम सोपवतानाच सांगा: साफसफाई न केलेली वेव्ह द्या, ‘ए’ आणि ‘बी’ बाजू वेगवेगळ्या ठेवा, कॅसेट परत करा. यातलं काही जमत नाही म्हणाला, तर खोका उचलून दुसरं दुकान गाठा.