केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू: एचआयव्हीसोबत येणाऱ्या चिवट कोंड्यासाठी

एचआयव्ही असताना होणारा कोंडा डोक्यापुरता राहत नाही. पिवळट, तेलकट खपल्या भुवयांत, नाकाच्या कडांना, कानामागे, दाढीत, छातीवर उतरतात. सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटल्या की त्रास वाढतो. याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात, आणि त्यामागे मॅलासेझिया ही सगळ्यांच्याच त्वचेवर असणारी बुरशी असते. यासाठी आमच्या मते पहिली घ्यावी ती हीच बाटली. मात्र लेबलवर २ टक्के लिहिलेलं आहे ना, ते बघा.

केस ओले करून ५ ते १० मिली शाम्पू केसांच्या मुळांशी, कातडीवर चोळा आणि घड्याळ लावून ५ मिनिटं थांबा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. फेस आला की लगेच धुतात, मग औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. नंतर एक-दोन आठवड्यांतून एकदा वापर चालूच ठेवा, कारण बुरशी कायमची जात नाही. रात्री तेल थापून झोपणं मात्र सोडा. ही बुरशी स्निग्धांशावरच पोसते.

चेहऱ्यासाठी २ टक्क्यांचंच क्रीम घ्या: दिवसातून १ ते २ वेळा, ४ आठवडे.

मोठी जमेची बाजू म्हणजे हे औषध कातडीतून रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या उपचाराच्या, गोळ्यांशी भांडत नाही. केटोकोनाझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांचं तसं नाही. त्या यकृताला इजा करू शकतात आणि एआरटीतल्या काही औषधांना अडथळा आणतात. त्या मनाने घेऊ नका.

दुकानदार क्लोबेटासोल हे जोरदार स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम पुढे करील, तर कृपा करून नको म्हणा. खाज लगेच थांबते खरी, पण चेहऱ्याची कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात आणि मुळात गजकर्ण असेल तर ते पसरतं.

उणिवा म्हणाल तर केस कोरडे होतात, डोळ्यांत गेल्यास झोंबतं, रंगवलेल्या केसांचा रंग बदलू शकतो. हातापायांवरच्या खाजऱ्या पुळ्यांवर याचा उपयोग नाही. एआरटी नियमित नसेल तर कोंडाही पुन्हा पुन्हा उलटतो. सरकारी एआरटी केंद्रात ती मोफत मिळते.

४ आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सोरायसिसही असू शकतो. मध्ये खळगा असलेले फोड आणि सोबत ताप किंवा डोकेदुखी असेल, तर शाम्पूची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.