थॉमंड पार्क : निर्णायक सामन्याआधीचा अभिप्राय

लिमरिकचे थॉमंड पार्क हे मन्स्टर या आयरिश रग्बी संघाचे घरचे मैदान असून, युरोपीय चषकाच्या गटातील निर्णायक सामना पाहायचा असेल, तर आसनांच्या स्टँडपेक्षा गोलखांबांमागच्या उभ्या टेरेसचे तिकीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे डोक्यावर छप्पर नसल्याने रेनकोट हवाच. पण गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणारा किकर चेंडू ठेवून मागे सरकतो तेव्हा, तो पाहुण्यांचा असला तरी, सारे मैदान चिडीचूप होते आणि तेवढ्यातच पैसे वसूल होतात. २००३ साली ग्लॉस्टर या इंग्लिश संघाविरुद्ध, गटातून पुढे जाण्यासाठी चार ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) आणि २७ गुणांचा फरक हवा असताना मन्स्टरने ३३-६ असा नेमका तेवढाच विजय मिळवला होता. म्हणून यंदाही चार ट्रायसाठी मिळणाऱ्या बोनस गुणाची आशा धरणे मला भाबडेपणाचे वाटत नाही. स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांच्या आघाडीच्या खेळाडूंची एकमेकांना भिडून होणारी रेटारेटी, मात्र टिकला पाहिजे.