लॅमी २००० : बरेच महिने रोज वापरल्यानंतर

लॅमी या जर्मन कंपनीचं हे फाउंटन पेन फोटोत बघितलं तर काळी नळी, बस. सोनेरी कडा नाही, नक्षी नाही. हातात घेतल्याशिवाय काय आहे ते कळतच नाही खरं सांगायचं तर. मी आता रोज हेच वापरतोय, मीटिंगच्या नोट्स, डायरी, हिशोब सगळं, आणि अजूनही कधीतरी लिहिता लिहिता थांबून नुसतं बघत बसतो.

गेर्ड म्युलर या डिझायनरने हे १९६६ ला केलं, त्याआधी तो ब्राऊन या घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या जर्मन कंपनीसाठी काम करायचा. आजही जवळपास तसंच बनतंय, आणि तरी आजचंच वाटतं.

सगळ्यात भारी काय तर मागचा पिस्टन, म्हणजे शाई आत ओढणारा दट्ट्या. शाई भरायला मागचं टोक फिरवायचं असतं, पण पेन बंद असताना ते टोक कुठून फिरतं ते शोधून दाखवा, जोड दिसतच नाही! थोडं फिरवलं की केसाएवढी फट उघडते, परत फिरवलं की गायब. नखाला पण लागत नाही. इतकी सफाई कुणाला दिसावी म्हणून केलेली नाहीये आणि मला तेच फार आवडतं.

बॉडी मॅक्रोलॉनची, म्हणजे पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकमध्ये काचेचे तंतू, वरून बारीक रेघांचं मॅट फिनिश, त्यामुळे घामेजल्या हातातून सटकत नाही आणि बोटांचे ठसेही दिसत नाहीत. वापरून वापरून हात लागतो तिथे हलकी चमक यायला लागलीये, छान दिसते. क्लिप भरीव स्टीलची आणि आत स्प्रिंग, जाड कापडाच्या खिशालाही आरामात बसते. टोपण फिरवायचं नाही, ओढायचं, टक्क. ते धरून ठेवायला ग्रिपच्या वर दोन इवलेसे धातूचे कान आहेत, काहींना ते बोटाला जाणवतात, मला आता नाही.

निब १४ कॅरट सोन्याची पण जवळपास सगळी झाकलेली, फक्त टोक बाहेर. त्यामुळे विचार करत दोन मिनिटं उघडं ठेवलं तरी लगेच सुकत नाही, पुन्हा टेकवलं की पहिल्या अक्षरापासून शाई. मात्र पेन बोटात फिरवत लिहायची सवय असेल तर जरा जपून, या निबला ठरावीक कोनातच धरावं लागतं, तो कोन एकदा हाताला बसला की मग अजिबात खरखर नाही. रेघ जपानी पेनांपेक्षा जाड येते, अक्षर बारीक असेल तर सरळ एक्स्ट्रा फाइन, म्हणजे सगळ्यात बारीक निबच घ्या.

धुवायला गार पाणी पुरे. चमकीवाली शाई मी यात घालत नाही, कण आत अडकले तर काढत बसावं लागतं.

आणि पहिलंच फाउंटन पेन घेत असाल तर याच कंपनीचं सफारी बघा आधी. १९८० चं, शाळकरी मुलांसाठी केलेलं, त्रिकोणी ग्रिपमुळे बोटं आपोआप जागेवर बसतात आणि निब घरीच बदलता येते.